आंग्र्यांच्या कैदेंतील इंग्रज बाई : कॅथरिन कुक हिच्या कुलवृत्ताचें परीक्षण

(१)

मराठी आरमाराच्या अभ्यासकांस पुढील प्रसंग परिचित आहे. नोव्हेंबर १७१२ च्या आरंभीं 'अ‍ॅन' नांवाचें इंग्रजी गलबत मुंबईहून कारवारकडे चाललें होतें. मुंबईचा गव्हर्नर विल्यम ऐसलेबी याची सशस्त्र नौका त्याच्या सोबतीस होती. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या गुराबांनीं वाटेंत दोन्ही धरलीं. झटापटींत कारवारच्या वखारीवर नेमलेला टॉमस चाऊन हा इंग्रज तोफेचा गोळा लागून मेला, व त्याची बायको कैद होऊन कुलाब्यास गेली. पुढें फेब्रुवारी १७१३ मध्यें इंग्रजांनीं तीस हजार रुपये भरून नौका व कैदी सोडवून आणिले. येवढें वृत्त बहुतेक ग्रंथांत येतें, व तेथेंच संपतें.

ती बाई कोणाची कोण, कारवारास कशी आली, सुटकेनंतर तिचें काय झालें, या प्रश्नांचा पाठपुरावा कर्नल जॉन बिडल्फ या इंग्रज लेखकानें केला. 'मलबारचे चांचे आणि दोनशें वर्षांपूर्वींची हिंदुस्थानांतील एक इंग्रज बाई' अशा अर्थाचें त्याचें पुस्तक १९०७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. ग्रंथाचा मोठा भाग आंग्रे व इतर दर्यावर्दी यांजवर खर्चिला असून शेवटचें प्रकरण या एका बाईच्या चरित्रास दिलें आहे. पहिल्या भागाची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. शेवटच्या प्रकरणाकडे मात्र एखाद्या मनोरंजक परिशिष्टाकडे पाहावें तसें पाहिलें जातें. वस्तुतः ग्रंथांतील सर्वांत कष्टाचें संशोधन याच प्रकरणांत आहे, आणि सर्वांत जपून वाचावयाचा भागही हाच आहे. कान्होजींनीं कैदेंतील बाईस अपमानानें वागविलें, हा आरोप याच कुलवृत्ताच्या आश्रयानें इतिहासांत फिरत आला आहे. आरोप मान्य करणारानें काय किंवा खोडणारानें काय, आधीं हें कुलवृत्त कोणत्या पुराव्यावर उभें आहे तें तपासणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच आहे.

(२)

प्रथम बिडल्फनें जुळविलेली हकीकत थोडक्यांत देतों.

कॅथरिन ही जेरार्ड कुक याची थोरली मुलगी. कुक हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्यें कंपनीचा गोलंदाज होता, व या हुद्द्यास तोफांखेरीज इतर नाना कामें जोडलेलीं असत. कांहीं काळ विलायतेंत राहून १७०९ सालीं तो इंजिनियरच्या कामावर, कॅप्टन हा हुद्दा घेऊन, 'लॉयल ब्लिस' या जहाजानें बंगालकडे परत निघाला. बरोबर बायको, एक मुलगा व दोन मुली अशीं माणसें होतीं. जहाज मंदगति होतें, वाटेंत उशीर झाला, आणि बंगालच्या खाडीकडे नेणारा वारा हुकला. ऑक्टोबर महिन्यांत तें कारवारच्या बंदरांत येऊन लागलें. तेथील वखारीचा मुख्य जॉन हार्वे यानें उतारूंचा मोठा पाहुणचार केला, आणि थोरल्या मुलीस मागणी घातली. हार्वे वयस्क होता व शरीरानेंही बेडौल होता. मुलीचें वय तेरा-चौदांच्या पलीकडे नव्हतें. आईबापांनीं लग्न लावून दिलें. जहाज पुढें बंगालकडे गेलें, आणि मुलगी कारवारास राहिली.

हार्वेनें १७११ सालीं स्वदेशीं परतण्याच्या विचारानें वखारीचें काम सोडलें, परंतु त्याच वर्षीं तो वारला. थोड्याच दिवसांत विधवेनें टॉमस चाऊन या तरुण अंमलदाराशीं लग्न केलें. हार्वेची मालमत्ता पदरांत पडावी म्हणून हीं नवराबायको १७१२ सालीं मुंबईस येऊन खटपट करीत होतीं. तेथून कारवारास परततांना आंग्र्यांची गांठ पडली. चाऊनचा हात तोफेच्या गोळ्यानें तुटला, व बायकोच्या मांडीवर त्याचा प्राण गेला. ती त्या वेळीं गरोदर होती. सुटकेनंतर तिला मुलगा झाला, असें बिडल्फ सांगतो.

तिचा तिसरा नवरा विल्यम गिफर्ड हा मुंबईस कंपनीच्या चाकरींत होता. १७१५ च्या सुमारास त्यांचें लग्न झालें, आणि गिफर्डची नेमणूक केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगोच्या वखारीवर मुख्य म्हणून झाली. आट्टिंगलच्या राणीच्या परवानगीनें इंग्रजांनीं हें ठाणें बांधिलें होतें. मिऱ्याच्या व्यापारावरून तेथें फार दिवसांची कुरकुर चालू होती. एप्रिल १७२१ मध्यें राणीस नजराणा देण्यासाठीं गिफर्ड सुमारें एकशें चाळीस माणसें घेऊन आट्टिंगलास गेला असतां स्थानिक लोकांनीं ती जवळजवळ सारी टोळी कापून काढली, व त्यांत गिफर्ड मारला गेला. इन्स नांवाच्या गोलंदाजानें पुढें अनेक महिने किल्ला झुंजविला. किल्ल्यांतील बायकांस आरंभींच एका लहान गलबतांत घालून बाहेर काढण्यांत आलें. कॅथरिननें निघतांना वखारीचें दप्तर व हातीं लागली ती रोकड बरोबर घेतली, असें बिडल्फ लिहितो. मद्रासेवरून ती बंगालमधील आप्तांकडे गेली. मेलेल्या नवऱ्याच्या हिशेबापोटीं कंपनीनें तिच्याकडे मोठी रक्कम मागितली. तेव्हां इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज यानें तिला आपल्या 'लायन' या युद्धनौकेवर आश्रय दिला. त्याच जहाजानें मुंबईमार्गे ती १७२४ सालीं इंग्लंडास पोंचली, व पुढचा वाद तेथें चालला.

(३)

या हकीकतींत बिडल्फचें खरें श्रेय कोणतें, हें सांगणें जरूर आहे. इंग्रज चालीप्रमाणें लग्नानंतर बायको नवऱ्याचें आडनांव घेते. त्यामुळें १७०९ पासून दहा वर्षांच्या आंत ही एकच व्यक्ति कागदांत कुकची मुलगी, मिसेस हार्वे, मिसेस चाऊन व मिसेस गिफर्ड अशा चार रूपांनीं येते. कारवारच्या कागदांची, मुंबईच्या कौन्सिलाच्या बैठकींची आणि अंजेंगोच्या हकीकतीची निरनिराळी सूची कोणी आडनांवांवरून केली, तर त्यांत चार बाया दिसतील व एकीचा दुसरीशीं कांहीं संबंध दिसणार नाहीं. कारवारची नवरी, कुलाब्याची कैदी व अंजेंगोची विधवा या एकच, हें सिद्ध करणें ही बिडल्फची कामगिरी होय.

हें सिद्ध कशावरून झालें? वंशावळीवरून नव्हे, तर पैशाच्या हिशेबावरून. कंपनीचे नोकर स्वतःचा खासगी व्यापार करीत, व त्यांचे हिशेब कंपनीच्या हिशेबांत गुंतलेले असत. नोकर मेला कीं कौन्सिल त्याची मालमत्ता अडकवून ठेवी, व कंपनीचें देणें फिटल्यावांचून वारसास कांहीं देत नसे. म्हणून विधवेस अर्ज करावा लागे, आणि अर्जांत आपण कोणाची विधवा, पूर्वींचा संबंध कोणता, हक्क कसा पोंचतो, हें सांगावें लागे. हार्वेच्या मालमत्तेचा हा धागा चाऊनच्या हयातींत सुरू होतो, कैदेंतून पार जातो व सुटकेनंतरही तुटत नाहीं. त्याच धाग्यावर तिचीं चारही नांवें ओविलीं गेलीं आहेत.

आपल्या दप्तरांशीं परिचय असणारांस यांत नवल वाटणार नाहीं. आपल्याकडेही बाईचें नांव कागदावर चढतें तें बहुधा वतनाच्या तंट्यांत, दत्तकाच्या वादांत किंवा वृत्तीच्या वांटणींत. वंशावळींत 'यांस पुत्र दोन' येवढेंच लिहिणारा कारकून महजरांत व करीन्यांत मात्र अमक्याची बायको, तमक्याची आई, अमक्या घरची लेक असें तपशिलानें लिहितो. कारण तेथें हक्काचा प्रश्न असतो. सुखानें नांदलेली बाई दप्तरास अज्ञात राहते, आणि तंट्यांत सांपडलेली मागें उरते. कॅथरिनचें चरित्र लिहितां आलें तें तिच्यावर संकटें आलीं म्हणून आणि तीं संकटें हिशेबांत उतरलीं म्हणून.

तथापि या रीतीची एक मर्यादा बिडल्फनें वाचकांस स्पष्ट सांगावयास हवी होती. हिशेबाच्या कागदांवरून नातें व हक्क कळतो. वय, रूप, स्वभाव किंवा मनःस्थिति कळत नाहीं. कंपनीच्या तिन्ही इलाख्यांतून जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदींच्या नकला विलायतेस जात. त्यांतील मद्रासच्या १६९८ पासूनच्या, मुंबईच्या १७०९ पासूनच्या व बंगालच्या १७१३ पासूनच्या आहेत. जेरार्ड कुकची बंगालमधील पहिली चाकरी १७०९ पूर्वींची. अर्थात् कॅथरिन तेथें जन्मली असती तरी तो जन्म या नकलांत यावयाचा नाहीं. मग तिच्या जन्माचें साल ठरविण्यास आधार काय? तर कारवारास ती तेरा-चौदा वर्षांची होती, हें एका ग्रंथकाराचें वाक्य. त्यावरून १६९५-९६ हें साल निघतें. कैदेच्या वेळीं ती सोळा-सतरा वर्षांची, आणि तिसऱ्यांदा विधवा झाली तेव्हां पंचवीस-सव्वीस वर्षांची, असा पुढचा सारा हिशेब त्या एका वाक्यावर उभा आहे. तो चुकीचाच आहे असें नव्हे. परंतु वंशावळींत असें साल लिहितांना त्यापूर्वीं 'सुमारें' हा शब्द घातलाच पाहिजे.

(४)

तो ग्रंथकार म्हणजे क्लेमंट डाउनिंग. हिंदुस्थानांतील लढायांचें व आंग्र्यांच्या उत्कर्षाचें त्याचें पुस्तक १७३७ सालीं लंडनमध्यें छापलें गेलें. विल्यम फॉस्टर यानें १९२४ सालीं तें संपादून पुन्हां प्रसिद्ध केलें. मुलीचें वय व सौंदर्य, हार्वेचें वार्धक्य व व्यंग, कैदेंतील अपमान, त्या अपमानापुढें तिनें दाखविलेलें धैर्य, आणि सोडवावयास गेलेला लेफ्टनंट मॅकिंटॉश याला तिचें अंग झांकण्यासाठीं आपलीं वस्त्रें द्यावीं लागलीं ही गोष्ट, हा सर्व मजकूर डाउनिंगचा आहे. तारखा, नेमणुका, खंडणीची रक्कम, हिशेब व अर्ज हा भाग कंपनीच्या दप्तरांतला आहे. बिडल्फच्या कथनांत हे दोन प्रवाह एकत्र वाहतात. तीस हजारांचा आंकडा ज्या निश्चयाच्या स्वरांत येतो, त्याच स्वरांत वस्त्रांची गोष्टही येते. वाचणारास दोहोंचें वजन सारखेंच वाटतें. आमच्या मतें या प्रकरणाचा मुख्य दोष हाच.

डाउनिंगचें वजन किती धरावें? त्यास अगदीं टाकाऊ ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. तो १७२१ च्या मोहिमेंत मॅथ्यूजच्या तांड्यांत होता, व त्याच मॅथ्यूजच्या जहाजावर पुढें कॅथरिन आश्रयास आली. म्हणजे कारवारच्या लग्नाची हकीकत तिच्या स्वतःच्या किंवा तिच्या निकटच्या माणसांच्या तोंडून या तांड्यांत पसरली असणें संभवनीय आहे. तिचें वय व हार्वेचें वर्णन अशा गोष्टी डाउनिंगच्या कानीं आल्या असल्यास त्यांत अशक्य कांहीं नाहीं.

परंतु जें कारण एका ठिकाणीं विश्वास वाढवितें, तेंच दुसऱ्या ठिकाणीं संशय उत्पन्न करतें. मॅथ्यूजचा तांडा या देशीं आल्यावर प्रथम उतरला तो आंग्र्यांविरुद्धच्याच मोहिमेंत. डिसेंबर १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर जमिनीवरून व समुद्रांतून चाल केली. बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस आली, हल्ला फसला, दोघां दोस्तांचें आपसांत बिनसलें, आणि जानेवारी १७२२ मध्यें पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह केला. ज्या तांड्यास कुलाब्यापुढून असें परतावें लागलें, त्याच्या डोलकाठीखालीं कुलाब्यांत कैद असलेल्या एका देशभगिनीची गोष्ट सांगितली जात असतां ती कोणत्या रंगानें रंगली असेल, हें सांगावयास नको. प्रसंगापासून पुस्तकाच्या छपाईपर्यंत चोवीस वर्षें गेलीं होतीं. शिवाय मॅथ्यूजनें तिला दिलेला आश्रय हाही त्या काळीं मोठ्या कुजबुजीचा विषय होता, व कंपनीच्या त्याच्याविरुद्धच्या तक्रारींत तो एक मुद्दा झाला. अशा वातावरणांत बाईच्या पूर्वचरित्रास कादंबरीची छटा येणें स्वाभाविक आहे.

याचा अर्थ इतकाच कीं, अपमानाचा आरोप एका दूरच्या साक्षीदारावर उभा आहे, व तो साक्षीदार पराभूत पक्षाचा आहे. आरोप सिद्ध झाला नाहीं; परंतु त्याच्या उलट गोष्ट सिद्ध झाली असेंही नाहीं. आपल्याकडे या बाबतींत जी घाई दिसते, तीही तितकीच सदोष आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची प्रसिद्ध गोष्ट पुढें करून मराठ्यांच्या कैदेंत स्त्रीस उपसर्ग होणें शक्यच नव्हतें, असा युक्तिवाद कांहीं लेखक करितात. एका कथेनें दुसरी कथा खोडतां येत नाहीं. सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी, डोळ्यांपुढें नवरा मेलेला, परक्यांच्या किल्ल्यांत तीन महिन्यांहून अधिक अडकलेली: येवढें तरी निर्विवाद आहे, आणि तें दुःख लहान करून कान्होजींची कीर्ति मोठी होणार नाहीं. त्यांचें मोठेपण त्यांच्या आरमारावर व मुत्सद्देगिरीवर उभें आहे. तें राखण्यास या मुलीचे हाल झांकण्याची गरज नाहीं.

(५)

बिडल्फच्या कथनांतील दुसरें व्यंग तें लिहितांना त्यानें धरलेल्या नजरेचें आहे. ग्रंथाच्या नांवांतच आंग्रे हे 'चांचे' ठरलेले आहेत, व त्यामुळें कैद व खंडणी यांची मीमांसा करण्याची त्यास गरज वाटली नाहीं. चांच्यानें जहाज धरिलें व पैसे घेऊन सोडिलें, इतकें म्हटलें कीं काम भागतें. परंतु सरखेलांची भूमिका निराळी होती. कोंकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनीं आपलें दस्तक घ्यावें व जकात भरावी, हा राज्याचा हक्क आहे, असें ते मानीत. कंपनीची गलबतें तें मानीत नसत, आणि देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखालीं नेला जाई, ही भांडणाची जड होती. कंपनीच्या नोकरांच्या ज्या खासगी व्यापारानें हार्वेच्या हिशेबाचा गुंता केला, तोच व्यापार या निशाणाच्या वादाच्या मुळाशींही होता. बाईच्या कुलवृत्ताचा व राजकारणाचा हा सांधा बिडल्फच्या हातीं असून त्यानें तो जोडला नाहीं.

सुटकेच्या काळाचा विचार केला म्हणजे खंडणीचाही अर्थ बदलतो. १७१३ चें साल कान्होजींच्या आयुष्यांतील मोठ्या अडचणीचें. ते तोंवर ताराबाईंच्या पक्षाचे होते, आणि शाहू महाराजांशीं सामना होण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं. त्याच वर्षीं शाहू महाराजांनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांजवर पाठविलें. कान्होजींनीं पिंगळ्यांसच कैद केलें. नोव्हेंबर १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, व त्यांनीं सामोपचारानें कान्होजींस शाहू महाराजांच्या पक्षांत आणिलें. घाटावरून असें संकट येत असतां समुद्राची बाजू शांत ठेवणें सरखेलांस अवश्य होतें. फेब्रुवारीचा इंग्रजांशीं झालेला समेट याच धोरणाचा भाग दिसतो. नौका, माणसें व बाई हीं सर्व एकाच सौद्यांत परत गेलीं. तीस हजार रुपये ही एका स्त्रीची किंमत, असें जें कांहीं ठिकाणीं लिहिलें जातें, तें चूक आहे.

मराठी कागदांची गरज या ठिकाणीं तीव्रतेनें भासते. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील आरंभकाळचे कागद मुळांतच तुटक आहेत. परंतु मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यांत इंग्रजी कागद आहेत, आणि कुलाबा प्रांतांतील जुन्या घराण्यांच्या संग्रहांत आंग्र्यांच्या कारभाराचे कागद आहेत. हे दोन्ही संग्रह शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत. असा शोध घेणारानें 'चाऊन' हें नांव शोधीत बसूं नये. मराठी कारकुनानें तें नांव कसें लिहिलें असेल याचा भरंवसा नाहीं. महिना, रक्कम व नौकांची देवघेव या खुणांवरून शोध करावा. बिडल्फनेंही चार नांवांची एक बाई हिशेबाच्या खुणेवरूनच ओळखली.

(६)

तुलनेसाठीं दुसऱ्या एका इंग्रज बाईचें कुलवृत्त घेतों. एलायझा ड्रेपर ही त्याच अंजेंगोस १७४४ सालीं, म्हणजे कॅथरिन तेथून निघाल्यावर तेवीस वर्षांनीं जन्मली. बाप मे स्क्लेटर व आईकडील आजोबा चार्ल्स व्हाइटहिल हे दोघेही कंपनीच्या चाकरींतले. चौदाव्या वर्षीं, १७५८ सालीं, मुंबईस तिचें लग्न डॅनियल ड्रेपर या वयानें पुष्कळ मोठ्या अंमलदाराशीं झालें. १७६७ च्या आरंभीं लंडनमध्यें तिची लॉरेन्स स्टर्न या कादंबरीकाराशीं ओळख झाली, व त्याच्या पत्रांमुळें ती युरोपभर प्रसिद्ध झाली. ती ओळख ज्यांच्या घरीं झाली ते सर विल्यम जेम्स म्हणजे १७५५ सालीं तुळाजी आंग्र्यांपासून सुवर्णदुर्ग घेणारेच जेम्स, हें आपल्या वाचकांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे. १७७३ च्या जानेवारींत तिनें माझगांवचें नवऱ्याचें घर सोडिलें, व १७७८ सालीं ब्रिस्टल येथें ती वारली. तेथील प्रमुख चर्चमध्यें तिचें स्मारक आहे.

तिचें चरित्र आर्नोल्ड राइट व विल्यम लटली स्क्लेटर यांनीं १९२२ सालीं लिहिलें. स्क्लेटर हे तिच्याच पितृकुळांतले. तिनें आपल्या चुलतभावास लिहिलेलीं पत्रें घराण्यांत जपून राहिलीं होतीं, तीं त्यांस उपयोगीं पडलीं. कुलवृत्त लिहिण्यास येथें घराणें होतें, पत्रें होतीं, स्मारक होतें, आणि मोठ्या साहित्यिकाचें नांव पाठीशीं होतें. कॅथरिनपाशीं यांतलें कांहींच नव्हतें. दोघींचीं लग्नें जवळजवळ एकाच वयांत, कंपनीच्या वयस्क नोकरांशीं झालीं. दोघीही अखेर किनारा सोडून गेल्या. परंतु एलायझा आपल्या शब्दांनीं बोलते, आणि कॅथरिनविषयीं तिचे सावकार, तिचे वरिष्ठ व एक खलाशी बोलतात. स्क्लेटरांच्या पुस्तकापेक्षां बिडल्फचें प्रकरण संशोधनदृष्ट्या अधिक कठीण होतें. म्हणूनच त्यांतील निश्चित कोणतें व ऐकीव कोणतें हें वेगळें करून दाखविण्याची जबाबदारीही अधिक होती.

(७)

शेवटीं आपल्या किनाऱ्याकडे वळतों. वैतरणेच्या दक्षिणेस वसईच्या किल्ल्यांत फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्यें पोर्तुगीज काळाच्या थडग्यांचे कोरीव दगड आहेत. त्यांतील सतराव्या शतकाच्या आरंभींच्या एका शिळेचा पाठ डॉ. जर्सन द कुन्या यांनीं चौल व वसई यांवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथांत दिला आहे. ती शिळा दोना फ्रान्सिस्का द मिरांदा हिची. ती मानुएल द मेलो याची बायको व त्या देवडीची संस्थापिका. तिची मुलगी दोना इनेस द मेलो व नातवंडें हीं तिच्याजवळच विसावलीं आहेत. आईचें आडनांव मिरांदा, नवऱ्याचें मेलो, व मुलीचें बापाकडून आलेलें. एका दगडावर तीन पिढ्या आहेत, आणि बाईचें माहेर लग्नानंतरही पुसलेलें नाहीं. वंश शोधणारास असा एक दगड इंग्रजी हिशेबाच्या शंभर पानांइतका बोलका आहे. वैतरणेपासून केळवें-माहीम, तारापुरापर्यंतच्या पट्ट्यांत पोर्तुगीज अंमल दीडशें-दोनशें वर्षें होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला. या पट्ट्यांतील कोट, चर्चें व वाडे यांत असे दगड किंवा त्यांचे तुकडे पायरीस, ओट्यास वा विहिरीच्या कांठास लागलेले दिसल्यास ते हलवूं नयेत. प्रथम ठसा घ्यावा, व नांवें जशींच्या तशीं उतरवावीं. त्यांत बायकांचीं नांवें विशेष काळजीनें उतरवावीं, कारण दोन कुळांचा सांधा बहुधा त्यांतच असतो.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या परीक्षणावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: कागदांची सूची करितांना बाईचें नांव, माहेर व सासर हीं निरनिराळीं नोंदावीं. 'अमक्याची बायको' येवढ्यावर भागवूं नये. ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत लक्ष्मीबाई आंग्रे स्वतःच्या नांवानें येतात म्हणूनच त्यांचें कर्तृत्व आपणांस ठाऊक आहे. दुसरी: ज्या कागदांत पैशाचा हिशेब आहे तो नीरस म्हणून बाजूस टाकूं नये. कॅथरिनचीं चार नांवें हिशेबानेंच एकत्र आणिलीं. तिसरी: बखर, कैफियत किंवा खलाशाचें पुस्तक यांतील मजकूर दप्तरांतील मजकुराशीं जोडतांना जोडाची रेघ दिसूं द्यावी. बिडल्फनें ती रेघ पुसली, व त्यामुळें एका बाजूस कान्होजींवर न शाबीत झालेला डाग राहिला, तर दुसऱ्या बाजूस त्याचा निषेध करण्याच्या भरांत ती मुलगीच नाहींशी झाली.

बिडल्फचें पुस्तक निघून शतक लोटलें, तरी त्याच्या प्रकरणाची जागा घेणारें दुसरें लेखन आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यानें चार बायांची एक बाई केली, हे उपकार मानलेच पाहिजेत. आतां तिच्या वृत्तांतील डाउनिंगचें वाक्य व कौन्सिलाचें वाक्य वेगवेगळ्या शाईनें लिहून काढणें, आणि कुलाब्याच्या बाजूचा एखादा कागद त्यांच्या शेजारीं ठेवणें, येवढें काम उरलें आहे. कुलाबा, चौल व वसई या बाजूंच्या संग्राहकांनीं तें मनावर घ्यावें, ही विनंति.